पाखाडीवरून घसरण्याच्या कितीतरी आधी

मृगाचा पाऊस लागल्यावर महिनाभरात कोकणातल्या जांभ्याच्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवर, विहिरीच्या काठावर आणि न्हाणीच्या दारातल्या चिऱ्यावर शेवाळ धरते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे टळणारे नाही. गणपतीच्या सुमारास वाडीतल्या कोणा आजींचा खुबा मोडल्याचे कळले, की सगळा दोष त्या शेवाळाला दिला जातो. शेवाळाचा वाटा आहेच. परंतु त्याच पायरीवरून त्यांचा नातूही घसरलेला असतो आणि पुढच्या पायरीवर झटकन पाय टाकून सावरलेला असतो. दोघांच्या पायांखालचा दगड एकच होता. फरक होता तो घसरल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात शरीराने काय केले याचा, आणि ते ठरवणारे बदल आजींच्या शरीरात वीस-तीस वर्षे चालू होते.

आपल्या स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू उभे राहणे, चालणे अशी दीर्घकाळची कामे न थकता करतात. शीघ्र तंतू क्षणार्धात मोठे बळ लावतात, पण लवकर थकतात. तोल गेल्यावर पाय उचलून योग्य जागी टाकण्याचे काम मुख्यत्वे या शीघ्र तंतूंचे असते आणि वयाबरोबर आधी आणि अधिक रोडावतात तेही हेच. पाठीच्या कण्यातून स्नायूंकडे जाणाऱ्या चेतापेशींपैकी काही उतारवयात नष्ट होतात. त्यांच्या ताब्यातले शीघ्र तंतू पोरके होतात. त्यांतले काही शेजारच्या संथ चेतापेशीशी जोडले जाऊन स्वतःही संथ होतात, उरलेले विरून जातात. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटते, साठीनंतर ही घट वेग घेते आणि स्नायूंचे बळ त्यांच्या आकारमानापेक्षाही लवकर ओसरते. म्हणूनच वजन पूर्वीइतकेच राहिलेल्या, अंगाने भरलेल्या माणसाच्याही मांड्या दुबळ्या झालेल्या असू शकतात. या अवस्थेला वैद्यकात ‘सार्कोपेनिया’ म्हणतात; हा शब्द अमेरिकी आहारतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचवला. ज्याला तोवर नुसते ‘म्हातारपण’ म्हटले जात होते, त्याचा मोजता येण्याजोगा आजार म्हणून विचार अलीकडेच सुरू झाला आहे.

हाडांची कथा याला समांतर चालते. हाड ही सतत मोडून पुन्हा बांधली जाणारी जिवंत ऊती आहे: एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे रचतात. तिशीपर्यंत बांधकाम पुढे असते, नंतर मोडतोड हळूहळू वरचढ होते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि हा तोल एकदम ढळतो. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होते. मणक्यांत आणि खुब्याच्या हाडाच्या टोकाशी आतून जाळीदार रचना असते. जांभ्याच्या चिऱ्यालाही भोके असतात आणि तरी तो घराचा भार पेलतो. पण भोकांमधल्या भिंती झिजत गेल्या तर तोच चिरा बोटाने टोकरला तरी भुगा होतो. हाडाच्या जाळीचे नेमके असेच होते आणि दुखत काहीच नसल्यामुळे पहिली खबर बहुधा फ्रॅक्चरनेच मिळते. क्ष-किरणांची डेक्सा तपासणी ही घनता मोजते. निरोगी तरुण व्यक्तीच्या सरासरीशी तुलना करून काढलेला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या निकषानुसार त्याला अस्थिविरलता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, म्हणतात.

स्नायू आणि हाड यांचे नाते जवळचे आहे. स्नायूने ओढले, अंगावर भार आला, की हाडातल्या पेशींना तो ताण कळतो आणि बांधकाम चालू राहते. ताण संपला की हाड आवरते घेतले जाते. अंतराळात भारहीन अवस्थेत राहणाऱ्या धडधाकट अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक टक्क्याहून अधिक वेगाने घटते. त्यासाठी अंतराळात जाण्याचीही गरज नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले, तेव्हा प्रत्येकाच्या पायांतून सरासरी जवळपास एक किलो स्नायू गेला.

मला या विषयावर लिहावेसे वाटले ते इथेच. कोकणातल्या जुन्या घरात व्यायाम हा वेगळा कार्यक्रम नव्हता, तो घराच्या रचनेतच होता: पाटावर जेवायला बसून उठणे, विळीवर बसून भाजी चिरणे, अंगण सारवणे, विहिरीचे पाणी शेंदणे, भाताची लावणी, डोक्यावर भारा घेऊन पाखाडी चढणे. त्या कष्टांनी गुडघे आणि कंबरा झिजल्याही, त्यामुळे ते दिवस परत यावेत असे मुळीच नाही. परंतु आता पंप आला, गॅस आला, पडवीत प्लास्टिकची खुर्ची आली. आणि मुंबईहून आलेला मुलगा मोठ्या मायेने सांगतो, ‘आई, तू आता काही करू नकोस, नुसती बसून राहा.’ या मायेचा मी आदर करतो. पण सत्तरीच्या माणसाला दिलेला हा सर्वांत घातक सल्ला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा पडल्यावर तर भीतीनेच हालचाल थांबते, हालचाल थांबल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि दुसऱ्यांदा पडण्याची शक्यता वाढते.

गेलेले बळ परत येते, अगदी नव्वदीतही. बोस्टनमधल्या मारिया फियातरोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंचा, भार वाढवत नेणारा व्यायाम दिला. आठ आठवड्यांत त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पावणेतीन पट झाले. पुढे २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा व्यायामाने वृद्धांचे पडणे २३ टक्क्यांनी कमी होते असे दिसले. यात तोल सांभाळण्याचे आणि उठ-बस करण्याचे व्यायाम महत्त्वाचे होते. नुसते फिरणे चांगलेच, पण त्याने हे काम पुरेसे होत नाही.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवरून, हात छातीशी दुमडून, सलग पाच वेळा उठून बसावे. शेजारी कोणीतरी उभे असावे. सार्कोपेनियावरच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पायांच्या बळाची तपासणी करून घ्यावी. गंमत अशी की ही चाचणी हाच व्यायामही आहे: सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, उठताना शक्य तितके चटकन, बसताना सावकाश. ओट्याला धरून टाचा उचलणे, खांबाला हात लावून एका पायावर उभे राहणे, हेही त्यात जोडता येते. हृदयविकार असेल, चक्कर येत असेल किंवा मणका दबलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

व्यायामाला प्रथिनांची जोड हवी. प्रौढांसाठी भारतीय शिफारस दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम लागतात असे अनेक तज्ज्ञ मानतात, मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण स्वतः ठरवू नये. दात गेलेली एकटी माणसे पेज आणि लोणच्यावर भागवतात. तिथे पोट भरते, स्नायूला काही मिळत नाही. कुळथाची पिठी मऊ असते आणि कुळथात वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी प्रथिने असतात. बांगडा, अंडी, दही, मुगाचे कढण हेही सोपे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तर काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतूनही ते मिळते. सुक्या मासळीतले मीठ मात्र रक्तदाब असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. ड जीवनसत्त्व उन्हात त्वचेत तयार होते, पण म्हाताऱ्या त्वचेची ही क्षमता घटलेली असते आणि पावसाळ्यात ऊनच नसते; कमतरता असल्यास गोळी घ्यावी लागते.

बाकीची कारणे थोडक्यात. झोपेच्या गोळ्या, उठल्यावर रक्तदाब एकदम उतरवणारी औषधे, पिकलेला मोतीबिंदू, वीज गेल्यावर अंधारात न्हाणीकडे जाणे, सारवलेल्या जमिनीच्या जागी बसवलेली गुळगुळीत लादी, झिजलेली सपाता. पायऱ्यांना कठडा, न्हाणीत पकडायला दांडा आणि उशाशी बॅटरी हा खर्च शस्त्रक्रियेच्या मानाने किरकोळ आहे.

आणि खुबा मोडलाच, तर ‘हाड जुळेपर्यंत झोपून राहू दे’ म्हणून दिवस घालवू नयेत. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण पाचांतला एक वृद्ध दगावतो, आणि न्यूमोनिया, पायांत साकळलेले रक्त, पाठीच्या जखमा हे सगळे अंथरुणाचेच परिणाम असतात. शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करणे, हा आजचा मान्य उपचार आहे. पन्नाशी-साठीत हात टेकून पडल्यामुळे मोडलेले मनगट ही त्याची कितीतरी वर्षे आधी मिळालेली सूचना असू शकते. प्लास्टर निघते, हाड जुळते आणि हाडांच्या घनतेची तपासणी कोणी करत नाही. ती तेव्हाच करावी, कारण झीज रोखणारी प्रभावी औषधे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतले एक इंजेक्शन तर वर्षातून एकदाच घ्यावे लागते.