जागेवर पावती फाडली की विषय संपतो?

‘दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात तर जागेवर दहा हजार भरा, पावती घ्या, विषय संपला.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो खरा वाटतो, कारण हेल्मेट किंवा सिग्नलचं चलन आपण तसंच भरतो.

मोटार वाहन कायदा, 1988 उघडा. इंटरनेटवर फुकट मिळतो. कलम 200 मध्ये तडजोड रक्कम भरून मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. त्यात कलम 184, म्हणजे धोकादायकरीत्या वाहन चालवणं, आहे (तेही फक्त हातात मोबाइल वापरण्यापुरतं) आणि पुढे थेट 186. मधलं 185, म्हणजे मद्यपान करून वाहन चालवणं, गाळलेलं आहे. म्हणून खटला न्यायालयात जातो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी कैद दोन वर्षांपर्यंत, दंड पंधरा हजार. लायसन्सवर गदा येते ती वेगळीच.

बहुतेकदा दंडावर सुटका होते, हेही खरं. गफलत तिथूनच झाली असावी. पण तो दंड दोषी ठरल्यानंतरचा असतो. त्यामुळे गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत: यंत्रातलं रीडिंग किती, अटक झाली असेल तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली का. चाचणीला नकार देणं मात्र बचाव नव्हे. कलम 205 नुसार सबळ कारण नसेल तर तो नकार तुमच्याविरुद्धच धरला जाऊ शकतो.