शॅकल लांब करणं आणि हँगर खाली आणणं: पाट्यावरची जुनी पिकअप उचलताना होणारी गल्लत

पाट्यावरची, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगवर बसलेली, जुनी पिकअप उचलायची, म्हणजे जमिनीपासून उंच करायची म्हटलं की गॅरेजमध्ये हमखास एक वाक्य ऐकू येतं, "दोन इंचाचे ब्रॅकेट बनवून टाकू, काही टेन्शन नाही". पण ब्रॅकेट म्हणजे नक्की काय बनवणार हे विचारल्याशिवाय गाडी ठेवून येऊ नका, कारण या एका शब्दाखाली दोन पूर्ण वेगळी कामं चालतात. एक म्हणजे शॅकल लांब करणं आणि दुसरं म्हणजे हँगर खाली आणणं. दोन्हीत लोखंडी प्लेट कापायची, भोकं पाडायची, दोन्हीत पाट्याचं टोक चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून, लांब जातं, काम झाल्यावर बाजूला उभं राहून बघितलं तर फरक कळतही नाही. रस्त्यावर मात्र पहिल्याच घाटात कळतो.

आधी नावं सरळ करू. पाटा चेसिसला दोन टोकांना धरलेला असतो. एका टोकाला चेसिसवर घट्ट बसवलेला ब्रॅकेट, त्यात बोल्ट आणि बुश (बोल्टभोवतीची नळी), ते टोक फक्त फिरतं पण पुढेमागे सरकत नाही, हा हँगर. दुसऱ्या टोकाला झोपाळ्याच्या कडीसारख्या दोन पट्ट्या, वरून चेसिसला आणि खालून पाट्याला लटकलेल्या, हे शॅकल. ते झुलतं असायलाच लागतं, कारण खड्ड्यात पाटा दाबला की सपाट होतो, सपाट झाला की लांबतो, आणि ती वाढलेली लांबी कुठेतरी गेली पाहिजे.

आमची गाडी महिंद्राच्या जुन्या जीपच्या चेसिसवरची पिकअप, वडिलांनी घेतलेली. पुढेही पाटे, मागेही पाटे, आणि पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला, म्हणजे बंपरच्या बाजूला, मागच्या पाट्याचं शॅकल मागे. ही जागा नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता शॅकल लांब केलं की काय होतं ते बघा. समजा जुन्यापेक्षा ५० मिमी लांब पट्ट्या टाकल्या. लोकांना वाटतं गाडी ५० मिमी वर येईल. येत नाही, साधारण २५ च येते. जमिनीवर ठेवलेली फळी एका टोकाने दोन इंच उचला, मधला भाग एकच इंच उचलला जातो, इथेही तेच, कारण ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर बसलेला असतो आणि तुम्ही टोक हलवलंय एकच. पण अर्धीच उंची मिळाली हे नुकसान छोटं आहे, खरं नुकसान म्हणजे फळी तिरकी झाली. पाटा तिरका झाला की त्याला यू बोल्टने आवळलेला ॲक्सलही तेवढाच फिरतो, त्याला दुसरा पर्यायच नाही.

पुढच्या ॲक्सलला हे फिरणं सगळ्यात जास्त बाधतं. चाक ज्या किंगपिनवर वळतं तो किंगपिन बाजूने बघितला तर थोडा मागे झुकलेला असतो, सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखा, याला कॅस्टर म्हणतात आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते याच्यामुळे. या जीपच्या घराण्यातल्या गाड्यांना कॅस्टर मुळात साधारण ३ अंश. आमच्या पुढच्या पाट्याची एका डोळ्यापासून (टोकाला बोल्ट जातो त्या गोल भोकापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंतची लांबी ९२० मिमी. त्याचं एक टोक ५० मिमी खाली आणलं की पाटा ३.१ अंशाने फिरतो, आणि शॅकल पुढच्या टोकाला असल्यामुळे तो पुढे झुकतो, किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं. म्हणजे तीनातून तीन गेले, उरलं शून्य.

हे गणित मी आधी केलं नव्हतं, नंतर केलं. आधी एका गॅरेजवाल्याने पुढच्या शॅकलच्या पट्ट्या लांब करून दिल्या, गाडी छान दिसायला लागली, आणि वरंध घाटात पहिल्या वळणाला कळलं की स्टिअरिंग परत येतच नाही. प्रत्येक वळणानंतर चाक हाताने सरळ करून आणायचं, आणि सरळ रस्त्यावर गाडी कधी डावीकडे कधी उजवीकडे शोधत फिरायची. वडील शेजारी बसलेले, काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डचा दांडा धरून बसले. मग महिनाभर टायर बदल, अलाइनमेंट कर, स्टिअरिंग बॉक्स ॲडजस्ट कर, सगळं करून झालं, आणि दोष होता त्या दोन पट्ट्यांत.

मागच्या बाजूला शॅकल मागे असल्यामुळे लांब केलं की डिफचं, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं (डिफरन्शियलचं), नाक, म्हणजे पिनियन, वर बघायला लागतं. गिअरबॉक्समधून मागे येणारा शाफ्ट आणि पिनियन हे एकमेकांना समांतर असले की त्या दोघांना जोडणाऱ्या जॉइंटच्या, म्हणजे लांब फिरत्या शाफ्टच्या, दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे राहतात आणि एका क्रॉसने दिलेला झटका दुसरा खाऊन टाकतो. पिनियन अडीच अंश वर गेला की हा हिशोब बिघडतो आणि ठरावीक स्पीडला गाडीच्या तळातून घरघर सुरू होते. यावर उपाय म्हणून पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरीसारखी टेपर प्लेट टाकतात, चालतं, पण ती स्टीलचीच घ्या, ॲल्युमिनियमची दबते आणि मग यू बोल्ट सैल पडतात.

हँगर खाली आणणं म्हणजे पाट्याची दोन्ही टोकं सारखीच खाली न्यायची. फिक्स टोकाचा हँगर ५० मिमी खाली, आणि दुसऱ्या टोकाला शॅकल जिथे चेसिसला लटकतं तो ब्रॅकेटही ५० मिमी खाली, शॅकलच्या पट्ट्या मात्र कंपनीच्या लांबीच्याच. फळीची दोन्ही टोकं उचलली की अख्खी फळी वर येते, तशी गाडी पूर्ण ५० मिमी वर येते आणि ॲक्सलचा कोन होता तसाच राहतो. कॅस्टर शाबूत, पिनियन समांतर. जॉइंटचा उतार वाढतो हे खरं, एक मीटरच्या शाफ्टला साधारण तीन अंश, पण तो दोन्ही क्रॉसना सारखाच वाढतो म्हणून घरघर येत नाही.

मग सगळे हेच का करत नाहीत, तर शॅकल हे चार बोल्टचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि हँगर म्हणजे चेसिसला हात घालणं. आमचे हँगर गावाजवळच्या वेल्डिंगवाल्या काकांनी बनवले, त्यांनी आधी दोन दिवस नुसती मापं घेतली. चेसिसवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा, दोन्ही बाजूंच्या हँगरच्या भोकांचे कर्ण मोजून ते जुळतात का बघायचं, कारण एक हँगर पाच मिमी पुढे बसला तर ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी आयुष्यभर एका अंगाने चालते. प्लेट ८ मिमीची, दोन्ही बाजूंच्या गालांना मध्ये आडवी प्लेट जोडून पेटी केलेली, कारण हँगर जेवढा लांब तेवढा वळणात आडवा जोर जास्त. नुसत्या दोन लांब पट्ट्या खाली सोडल्या तर त्या वाकणारच.

चेसिसला बोल्ट मारताना आत स्लीव्ह, म्हणजे पाइपचा तुकडा टाकायचा, नाहीतर आवळताना चॅनल पिचतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा लिहिलेला बघून घ्या. वेल्डिंग करायचंच असेल तर चेसिसच्या खालच्या पट्टीवर आडवी सलग शिवण कधीच मारू नका, त्या रेषेतच पुढे चीर जाते, प्लेटची टोकं निमुळती ठेवून लांबीच्या दिशेने शिवण घ्या. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या, अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावायचा म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही, आणि डिझेलचा पाइप जवळून गेलाय का हे हाताने चाचपून बघायचं.

शॅकलचा कोन हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच अंदाजाने केला जातो. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॅकलचं खालचं टोक फिक्स हँगरपासून लांब झुकलेलं पाहिजे, उभ्या रेषेशी साधारण २० ते ३० अंश. उलट्या बाजूला झुकलं तर पाटा लांबायला गेला की शॅकल त्याला वाट देत नाही आणि गाडी दगडासारखी आपटते. म्हणून काकांनी वरचे ब्रॅकेट आधी फक्त टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर, ठेवले, गाडी घोडीवरून उतरवली, हौद्यात सिमेंटची पोती टाकली, कोन बघितला, गाडी परत चढवली, ब्रॅकेट १५ मिमी सरकवले, परत उतरवली, असं तीन वेळा. मी कंटाळलो होतो, ते नाही कंटाळले.

दोन्ही कामांत काही गोष्टी सारख्याच बघाव्या लागतात. ब्रेकचा होज ताणला जातो का, शॉकअब्सॉर्बर पूर्ण उघडून लटकतो का, जॉइंटचा स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारा भाग, किती बाहेर येतो, आणि पुढे ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, तिरकी झाल्यामुळे खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं का. एक गैरसमजही दोन्हीकडे सारखा, की गाडी उचलली म्हणजे डिफ दगडाला लागणार नाही. अहो, डिफ ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकावर, चेसिस कितीही उचला डिफ तिथेच राहतं. डिफ वर जातं ते फक्त मोठ्या टायरने, ५० मिमी जास्त व्यासाचा टायर असेल तर २५ मिमी. उचलल्यामुळे त्या टायरला मडगार्डमध्ये जागा मिळते, एवढाच संबंध.

माझं मत विचाराल तर पुढच्या बाजूला, जिथे शॅकल पुढे आहे, तिथे लांब शॅकल घालूच नका, हँगरच करा. मागे एखाद-दीड सेंटीमीटर उंची हवी असेल आणि गाडी माल वाहून बसल्यासारखी दिसत असेल तर थोडं लांब शॅकल चालेल, पण त्याआधी पाटेवाल्याकडे जाऊन पाट्याची कमान बसलीय का ते बघा, कारण बऱ्याचदा गाडी उचलायची नसतेच, बसलेला पाटा परत कमान देऊन घ्यायचा असतो.

आणि कागदाचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर कंपनीची जी मूळ माहिती आहे तिच्याशी विसंगत बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय, त्यामुळे प्लेट कापायच्या आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिल्यांदा खाली वाकून हेच बघतात.

शेवटचं काम घाईत विसरलं जातं. रबरी बुश असतील तर हँगरचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल आवळायचे, हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. यू बोल्ट नवेच घ्यायचे, जुने एकदा ताणलेले असतात. शंभर किलोमीटर चालवून परत सगळं आवळायचं. आम्ही वरंध घाटातूनच जाऊन आलो, खाली उतरल्यावर काकांनी रस्त्याच्या कडेला गाडी लावून एकेक बोल्ट पान्याने तपासला, दोन बोल्ट पाव आट्याने फिरले, बाकीचे जागेवर होते.