कांदा अनुदान: क्विंटलमागे शंभरापासून साडेतीनशेपर्यंत

नाशिक जिल्ह्यात निफाड-येवल्याकडे घरातल्या सातबाऱ्याच्या पिशवीत बाजार समितीच्या पट्ट्याही, म्हणजे कांदा विकल्याच्या पावत्या, जपून ठेवलेल्या असतात. वजन, भाव, हमाली-तोलाई कापून हातात आलेली रक्कम, सगळं त्या चिटोऱ्यावर. एकेकाळी पैसे मोजून झाले की पट्टी चुलीत जायची. आता जात नाही, कारण अनुदान मिळतं ते याच कागदावर.

खरं तर नाशिकच्या शेतकऱ्याने अनुदान मागितलंच नव्हतं. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी जिल्ह्यात रेल्वे आणि रस्ते अडवले. खेरवाडीला गोळीबारात माणसं गेली. तेव्हापासून घोषणा एकच, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. भाव द्या, एवढंच म्हणणं होतं. पुढे दिल्लीने भाव चढला की निर्यात अडवायची आणि पडला की गप्प बसायचं, असं धोरण ठेवलं. मधली भरपाई राज्याच्या गळ्यात पडली.

२०१६ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विकलेल्या कांद्याला राज्याने क्विंटलला १०० रुपये दिले, म्हणजे किलोला एक रुपया. मर्यादा २०० क्विंटलची. २०१८ च्या अखेरीस चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या शेडमध्ये, ठेवलेला उन्हाळ कांदा संपलेला नव्हता आणि नवा लाल कांदा बाजारात उतरला. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटलचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले. त्याच डिसेंबरात क्विंटलला २०० रुपये जाहीर झाले. आधी १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबरच्या विक्रीला, मग मुदत वाढत गेली.

२०२३ चं अनुदान सगळ्यात मोठं, आणि कटकटही सगळ्यात मोठी. फेब्रुवारीत लाल कांदा कोसळला. १२ मार्चला दिंडोरीहून किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. कांद्याला क्विंटलमागे ६०० रुपये ही त्यांची मागणी. सरकारने आधी ३०० म्हटलं, मोर्चा चालत असतानाच ३५० केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या लाल कांद्याला, पुन्हा २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ७० हजार.

अडलं ते सातबाऱ्यावर. ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद हवी, अशी अट. मोबाईलवर पीक नोंदवायची ही पद्धत २०२१ ची, आणि कित्येकांनी ती नोंद केलेलीच नव्हती. ओरड झाल्यावर गावपातळीवरच्या समितीने पाहणी करून दाखला द्यावा, अशी वाट काढली. सातबारा वडिलांच्या नावावर आणि पट्टी पोराच्या, तर शपथपत्र आणा. शिवारातच व्यापाऱ्याला रोखीने माल देऊन मोकळा झालेल्याकडे पट्टीच नव्हती. माझ्या मते खरा गरजू तोच होता, कारण गाडीभाडं परवडत नाही म्हणूनच माणूस बांधावर माल देतो.

पैसे सुटायला सप्टेंबर उजाडला. नाशिकसारख्या मोठ्या मागणीच्या जिल्ह्यांत पहिल्या टप्प्याला १० हजारांची मर्यादा होती, उरलेले हप्त्याहप्त्याने. तोवर १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं होतं, आणि त्यावरून लासलगावच्या कांदा बाजारातले लिलाव काही दिवस बंद पडून पुन्हा सुरूही झाले होते.