ड्रम उघडण्याआधी पाणी तपासा

(रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमधून नॅनो सिलिका, झिंक ऑक्साइड आणि टायटानियाचं (टायटॅनियम डायऑक्साइडचं) डिस्पर्शन, म्हणजे पाण्यात सुटे राहिलेले अतिसूक्ष्म कण, नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

मार्च संपला की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "साहेब, माल फाटला." ड्रम उघडला तेव्हा सिलिका छान निळसर झाक असलेली, जवळपास आरपार दिसणारी होती. पाणी घातलं, ढवळलं, आणि चहा येईपर्यंत सगळं पांढरंफटक. मग तळाशी थर, स्प्रे पंपाच्या नोझलमध्ये गोळे, आणि साइटवर माणसं हातावर हात ठेवून बसलेली. आम्ही आधी पाण्याचं विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: नळाला पाणी कमी होतं म्हणून टँकर मागवला, नाहीतर सोसायटीच्या बोअरचं घेतलं.

माल आमचा असतो, पाणी तुमचं असतं, आणि बोलणी खातो आमचा टेम्पोवाला. म्हणून हे पत्रक.

कण एकमेकांपासून लांब का राहतात

ड्रममधली सिलिका पाण्यात विरघळलेली नाही. 10 नॅनोमीटरच्या (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आसपासचे कण पाण्यात सुटे सुटे राहिलेले आहेत. इतक्या बारीक सिलिकाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे 270 चौरस मीटर भरतो. ठाण्याच्या हिशेबात सांगायचं तर 2,900 स्क्वेअर फूट, तेही कार्पेट. एवढा उघडा पृष्ठभाग असला की कण एकमेकांना चिकटायला बघणारच. तरी ते चिकटत नाहीत, कारण आम्ही माल 9 ते 10 पीएचला ठेवतो. त्या पीएचला प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो आणि सारख्या भाराचे कण एकमेकांना लांब ढकलतात. पाण्यातून क्षार आले की तो भार झाकला जातो, ढकलणं कमी पडतं, कण भिडतात. दूध नासतं तसा माल फाटतो तो इथे.

हे काही आजकालचं ज्ञान नाही. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1857 साली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं माणकासारखं लाल द्रावण केलं होतं. त्यात मीठ घातल्यावर ते निळं पडलं, कारण कण एकमेकांजवळ आले. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. कोविडच्या घरगुती टेस्टमध्ये उमटणारी लाल रेघ बहुतेक किटमध्ये अशाच सोन्याच्या कणांची असते. फरक एवढाच की फॅरेडेने मीठ मुद्दाम घातलं होतं, तुमचा टँकरवाला न सांगता घालतो.

"पण आमचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) तर कमी आहे!"

हे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो. लोक खिशातून पेनासारखा मीटर काढून आकडा दाखवतात. तो मीटर खोटं बोलत नाही, पण पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते आहेत हे त्याला कळत नाही, आणि आपल्या कामात सगळी मेख तिथेच आहे.

शुल्झ आणि हार्डी या शास्त्रज्ञांनी अनुक्रमे 1882 आणि 1900 मध्ये दाखवलं की माल फाटवण्याची ताकद आयनच्या, म्हणजे पाण्यात सुट्या झालेल्या क्षाराच्या भारित कणाच्या, भारावर अवलंबून असते. सोडियमवर एक भार, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवर दोन, ॲल्युमिनियमवर तीन. पुढे 1941 मध्ये डेरियागिन आणि लँडाऊ यांनी, 1948 मध्ये व्हरवे आणि ओव्हरबीक यांनी याचं गणित मांडलं. त्या गणिताच्या आदर्श हिशेबात कॅल्शियम सोडियमपेक्षा 64 पट जोरदार निघतो आणि ॲल्युमिनियम 729 पट. प्रत्यक्षात आकडे मालागणिक बदलतात, पण चढण अशीच. म्हणजे टीडीएस सारखाच असलेल्या दोन पाण्यांपैकी एकात माल महिनाभर टिकेल आणि दुसऱ्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंतही नाही.

म्हणून टीडीएस नव्हे, हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, विचारा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर 600 पर्यंत चालतं. प्यायला चालणाऱ्या 600 च्या पाण्याचं आम्हाला काही म्हणायचं नाही. आमच्या सिलिकेला मात्र 300 लाच घाम फुटतो. खाडीच्या अंगाला असलेल्या बोअरचं पाणी तर हार्ड आणि खारं दोन्ही असू शकतं. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाच्या नळाच्या पाण्यावर आमच्या बऱ्याच ग्राहकांचं निभावतं, पण टाकीत नळाचं आणि टँकरचं एकत्र झालं की तो भरवसा संपला.

आता ग्राहकांनी शोधलेले उपाय. पाणी उकळलं तर हार्डनेसचा एकच भाग खाली बसतो, बाकीचा तसाच राहतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, त्यामुळे नुसतं हार्ड पाणी असेल तर बरीच मदत होते, खाऱ्या बोअरला नाही. आरओचं पाणी बहुतेक कामांना पुरतं. एसीतून ठिबकणारं पाणी फुकट असतं हे खरं, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश येतात. आणि सगळ्यात घातक म्हणजे गढूळ टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवून निवळलेलं पाणी. दिसायला ते सर्वांत स्वच्छ असतं. पण तुरटीचं कामच मुळी पाण्यातले बारीक कण एकत्र आणून खाली बसवण्याचं, आणि ते ती ॲल्युमिनियमच्या जोरावर करते. गाळ कुठला आणि तुम्ही पैसे मोजून आणलेला माल कुठला, हे तिला कसं कळणार?

दोन ग्लासांची चाचणी

दोन स्वच्छ काचेचे ग्लास घ्या. दोन्हींत एक भाग माल घाला. एकात तीन भाग डीआय (क्षारांचे आयन काढून टाकलेलं) पाणी, दुसऱ्यात तीन भाग तुमच्या टाकीतलं पाणी. ढवळा, झाका, रात्रभर ठेवा. सकाळी अंधाऱ्या जागी मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. डीआयच्या ग्लासात प्रकाशाचा निळसर पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाताना दिसेल. टाकीच्या पाण्याचा ग्लास तसाच दिसला तर खुशाल वापरा. पांढुरका झाला असेल, पट्टा मध्येच पसरून हरवत असेल, किंवा ग्लास तिरका केल्यावर तळाशी काही सरकत असेल, तर ते पाणी ड्रममध्ये जाऊ देऊ नका. टँकर बदलला की चाचणी पुन्हा.

डीआय पाणी आमच्याकडे कॅनमध्ये मिळतं. त्यावर आम्ही काही कमवत नाही. मालाच्या टेम्पोत टाकून पाठवतो, वेगळं भाडं लावत नाही. बाहेरून "बॅटरीचं पाणी" घेणार असाल तर सीलबंद घ्या आणि त्याचीही आधी ग्लासात परीक्षा घ्या.

फाटलेला माल परत का घेत नाही

कारण त्याचं पुढे काही करता येत नाही. नोझलमधला तो गोळा बोटांत चोळून बघा: ओला असताना बुळबुळीत, सुकला की कचकच. कण नुसते जवळ आलेले नसतात, त्यांच्यामध्ये सिलिकॉन-ऑक्सिजनचे पक्के बंध तयार झालेले असतात. मिक्सर लावा, गरम करा, जास्त पाणी घाला, ते सुटत नाहीत. प्रत्येक बॅचचं सीलबंद सॅम्पल आम्ही वर्षभर ठेवतो. शंका आली तर या, तुमच्यासमोर उघडतो. आमच्याकडचं सॅम्पल फाटलेलं निघालं तर ड्रम बदलून देऊ, वाद घालणार नाही.

एका ग्राहकाने आमचा माल बाहेरच्या लॅबमधून तपासून आणला. 10 नॅनोमीटरचा माल रिपोर्टात 400 चा! रिपोर्ट टेबलावर आपटला गेला, आवाज चढले. चौकशी केल्यावर कळलं की सॅम्पल लॅबमध्ये जाण्याआधीच बेसिनच्या नळाखाली पातळ झालं होतं. यंत्राने गुच्छ मोजले, बरोबर मोजले. तपासणीला द्यायचं असेल तर माल न मिसळता, ड्रममधून थेट द्या.

दुसरी तक्रार: "तुम्ही 70 टक्के पाण्याचे पैसे घेता, पावडर द्या, स्वस्त पडेल." सिलिका 30 टक्के असते, हे कबूल. पण नॅनो पावडर सुकतानाच गुठळ्या धरते, आणि पेंटच्या स्टररने त्या फुटत नाहीत. विकत नॅनो घ्याल आणि भिंतीवर मायक्रॉन जाईल. शिवाय धूळ. टायटानियाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाण्याच्या धोक्यामुळे 2 बी गटात, म्हणजे कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत ठेवलं आहे. ओल्या मालात धूळ उडत नाही. पाण्याचे पैसे म्हणता ते खरं तर कण सुटे ठेवण्याचे पैसे आहेत. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या क्वांटम डॉट्ससाठी (आकारानुसार रंग बदलणाऱ्या नॅनो कणांसाठी) बावेंडी, ब्रूस आणि एकिमॉव्ह यांना मिळालं, त्या कणांनाही एकमेकांना चिकटू नये म्हणून वरून रेणूंचं आवरण असतं. (नाही, क्वांटम डॉट आम्ही बनवत नाही. विचारू नका.)

काँक्रीटवाल्यांसाठी खास

पार्किंगच्या आणि गोडाऊनच्या फरशीवर सिलिका मारणारे विचारतात: काँक्रीट तर चुन्याने भरलेलं, कॅल्शियम एवढा वाईट तर तिथे माल कसा चालतो? चांगला प्रश्न आहे. तिथे तो फाटावा हीच अपेक्षा असते. कण छिद्रांत शिरतात, तिथल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी मिळून सिमेंटला बळ देणारंच संयुग बनवतात आणि छिद्र भरतं. पण हे छिद्राच्या आत व्हायला हवं. पंपातच झालं तर गुठळ्या वरच्या वर राहतात, पांढरे चट्टे पडतात, आणि ते घासून काढण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतो.

बाकीचं थोडक्यात

झिंक ऑक्साइड आणि सिलिका एका बादलीत मिसळू नका. दोघांच्या भारांचं पटत नाही. दोन्ही हवे असतील तर आम्हाला सांगा, आम्ही जुळवून देतो. लिंबाचं सत्त्व, व्हिनेगर वगैरे टाकून पीएच खाली आणू नका. 5-6 च्या आसपास सिलिका सगळ्यात लवकर गोठते.

"हॉलच्या भिंतीला टायटानिया मारतो, स्वतःच साफ होईल ना?" फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये टायटानियाची प्रकाशात काम करण्याची करामत जगापुढे आणली, पण तिला अतिनील प्रकाश लागतो, साधारण 388 नॅनोमीटरच्या आतला. घरातल्या एलईडीत तो जवळपास नसतो. उन्हातल्या बाहेरच्या भिंतीसाठी माल न्या. हॉलसाठी मागितलात तरी आम्ही नको म्हणू.

ड्रम सावलीत ठेवा, झाकण घट्ट लावा. तोंडाशी सुकलेली पापुद्री आत ढकलू नका, पुसून काढा.

पाण्याची चाचणी आम्ही ग्राहकांना मोफत करून देतो. एक लिटर पाणी नव्या बाटलीत आणा. आधी त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, आणि वर लिहा: नळ, बोअर की टँकर, कुठल्या तारखेचं, आणि तुरटी फिरवली आहे का. सकाळी आणलीत तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांगतो. ऑर्डर द्यायच्या आधी आणलीत तर जास्त बरं.