नोट जरा तिरपी करून पाहा

फोटोकॉपीचं यंत्र नोटेकडे एकदाच बघतं, समोरून आणि ठरावीक उजेडात. त्याला दिसतो तो सपाट रंग. माणूस मात्र नोट चाचपतो, उजेडापुढे धरतो, हातात फिरवतो. नोटांची नवी रचना करणारे गेली काही दशकं याच फरकाचा फायदा घेत आले आहेत. यंत्राला टिपता येऊ नये आणि माणसाला क्षणात कळावं, असं काय काय कागदावर आणता येईल?

यातली जुनी आणि मला अजूनही सगळ्यात देखणी वाटणारी युक्ती म्हणजे जलचिन्ह. ते शाईनं छापलेलं नसतं. कागद तयार होताना, लगदा ओला असतानाच, जाळीवरच्या उंचसखल आकारामुळे तंतू कुठे जास्त जमतात, कुठे कमी. जाड भाग प्रकाश अडवतो, पातळ भाग जाऊ देतो आणि नोट उजेडापुढे धरली की चेहरा उमटतो. बनावट नोटेवर तो फिकट शाईनं छापलेला असेल, तर नोट टेबलावर ठेवली तरी दिसत राहतो, आणि तिथेच लबाडी उघडी पडते.

कागदही वेगळाच. बऱ्याच देशांत तो कापसाच्या तंतूंचा असतो, म्हणून करकरीत लागतो आणि घड्या सोसतो. नेहमीच्या पांढऱ्या कागदात शुभ्रपणा वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे तो अतिनील प्रकाशात निळसर उजळतो. नोटेचा कागद मंदच राहतो. बोटांना जाणवणारा खरखरीतपणा कोरीव छपाईतून येतो: धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या खाचांत शाई भरायची आणि प्रचंड दाबानं कागद त्यांत रेटायचा. शाईचे बारीक उंचवटे कागदावर राहतात.

रंग बदलणाऱ्या शाईमागचं विज्ञान साबणाच्या फुग्यावरच्या रंगांचंच आहे. शाईतल्या कणांवर अतिशय पातळ थर असतात. वरच्या आणि खालच्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, तेव्हा काही रंग बळावतात, काही मावळतात. नोट कलती केली की लहरींच्या वाटेतला फरक बदलतो आणि रंगही. अमेरिकेच्या 100 डॉलरच्या नोटेवरचा एक आकडा असाच तांबूस रंगावरून हिरवा होतो. याच नोटेच्या कागदात विणलेल्या निळ्या पट्टीत सूक्ष्म भिंगं आहेत. नोट पुढे-मागे हलवली की पट्टीतल्या घंटा आणि 100 चे आकडे आडवे सरकतात. डावी-उजवीकडे हलवली तर वर-खाली! ही नोट 2010 मध्ये जाहीर झाली, पण छपाईत कागदाला चुण्या पडू लागल्या आणि ती लोकांच्या हाती यायला ऑक्टोबर 2013 उजाडला. सुरक्षा वाढते तशी छपाईही अवघड होते, ती अशी.

ऑस्ट्रेलियानं कागदच सोडला. तिथे 1966 साली दशमान चलनाच्या नव्या नोटा आल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 10 डॉलरच्या बनावट नोटा सापडल्या. या धक्क्यानंतर तिथली रिझर्व्ह बँक आणि वैज्ञानिक मिळून कामाला लागले आणि 1988 मध्ये पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकची, पहिली नोट निघाली. तिला पारदर्शक खिडकी होती. फोटोकॉपी यंत्र शाईचे रंग उमटवतं. आरपार दिसणारी जागा ते कुठून आणणार?

नोटेवर खुणांची नुसती गर्दी करून मात्र फारसं साधत नाही, असं मला ठामपणे वाटतं. नोट हातातून हातात जाते ती दोन-तीन सेकंदांत. तेवढ्यात ओळखीचा चेहरा आपल्याला चटकन कळतो, बारीक नक्षी नाही. युरोच्या दुसऱ्या मालिकेत म्हणूनच युरोपा या ग्रीक पुराणातल्या स्त्रीचा चेहरा जलचिन्हात घेतला आहे. 2015 च्या 20 युरोच्या नोटेत तर चकाकत्या पट्टीतच एक खिडकी आहे. उजेडापुढे धरली की ती पारदर्शक होते आणि तोच चेहरा दोन्ही बाजूंनी दिसतो.