हिवाळ्यातली पहिली दहा मिनिटं

१९९७ साली गॅलोवे आणि मॉन या दोन ब्रिटिश संशोधकांनी आठ पुरुषांना एका बंद खोलीत जागेवरच्या सायकलवर बसवलं आणि पाय थांबेपर्यंत पॅडल मारायला सांगितलं. माणसं तीच, जोरही तेवढाच. प्रत्येक खेपेला फक्त खोलीचं तापमान बदलायचं. ३१ अंश सेल्सिअसला ही मंडळी सरासरी ५२ मिनिटांत गळाठली. २१ अंशांना ८१ मिनिटं टिकली. सगळ्यांत जास्त टिकली ती ११ अंशांना, जवळपास ९४ मिनिटं. आणि ४ अंशांना? पुन्हा ८१. ज्या हवेत आपण स्वेटर शोधायला लागतो तीच दमसासाच्या व्यायामाला सगळ्यांत मानवते, आणि दात वाजवणारी ४ अंशांची थंडीसुद्धा २१ अंशांच्या सुखद हवेपेक्षा काही वाईट नाही.

मॅरेथॉनचे आकडेही हेच सांगतात. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा शर्यतींत २००१ ते २०१० या काळात पूर्ण अंतर धावलेल्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळा फ्रेंच संशोधकांनी तपासल्या. धावपटू कोणत्या दर्जाचा आहे त्यानुसार सर्वांत अनुकूल तापमान ३.८ ते ९.९ अंशांच्या दरम्यान निघालं. केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे १२ ऑक्टोबर २०१९ला व्हिएन्नात दोन तासांच्या आत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हाही हवा १० अंशांच्या आसपासच होती.

कारण सरळ आहे. सपाट रस्त्यावर धावताना दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ७० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावला तर तासाला ७०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ८०० वॅट. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के असते. बाकीची ऊर्जा थेट उष्णता होऊन बाहेर पडते. ६०० वॅटपेक्षा जास्त उष्णता! स्वस्थ बसलेला माणूस १०० वॅटच्या आसपास उष्णता देतो. उन्हाळ्यात ही उष्णता टाकायची कुठे याचीच शरीराला विवंचना असते. त्वचेकडे रक्त वळवावं लागतं, घाम गाळावा लागतो, आणि तेवढं रक्त पायांना कमी पडतं. थंडीत हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

एवढं वाचून कुणी उद्या सकाळी धावायला ताडकन उठेल, असं मला अजिबात वाटत नाही. कारण अंथरुणात पडल्या पडल्या जो निर्णय होतो, त्यात या ९४ मिनिटांना काही स्थान नसतं. तिथे डोळ्यांसमोर असतात ती दाराबाहेरची पहिली दहा मिनिटं. आणि ती खरोखरच वाईट असतात, हे आधी मान्य करायला हवं.

पांघरुणात त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असतं. दार उघडलं की चेहरा, कान आणि बोटं काही क्षणांत खाली घसरतात. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन असतं. गारवा लागला की ते उघडतं आणि मेंदूकडे संदेश जातो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी २००२ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मेंथॉलच्या मदतीने हे प्रथिन ओळखलं. तापमान आणि स्पर्श जाणणाऱ्या अशा प्रथिनांवरच्या कामासाठी दोघांना २०२१चं नोबेल मिळालं. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की थंडी टिपणारे हे तंतू तापमान किती आहे यापेक्षा ते किती झपाट्याने बदलतंय याला जास्त जोरात प्रतिसाद देतात. घसरण चालू असताना ते आरडाओरडा करतात. तापमान एका जागी ठरलं की त्यांचा आवाज खाली येतो. तीच हवा पाचव्या मिनिटाला तितकी बोचत नाही, ती त्यामुळे.

बाहेर पडल्यावर काय होतं ते नीट पाहा. खांदे नकळत कानांकडे चढतात, मुठी आवळल्या जातात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, कारण शरीर उष्णता आत राखू पाहतं. त्यामुळे बोटं आधी दुखतात, मग बधिर होतात. पिंढऱ्या लाकडासारख्या वाटतात, आणि तो निव्वळ भास नसतो. स्नायूचं तापमान एका अंशाने बदललं तर त्याच्या जोरात साधारण २ ते ५ टक्के फरक पडतो, त्यामुळे गार स्नायू खरोखरच कमी ताकदीचा असतो. नाक गळायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मनात हमखास येतं, की आज अंगात दमच नाही, परतावं. मग सातव्या-आठव्या मिनिटाला केव्हातरी खांदे उतरतात. छातीत ऊब येते, कानाच्या पाळ्या पुन्हा आपल्या वाटू लागतात. बोटं सगळ्यांत शेवटी सुटतात, झिणझिण्या येऊन.

श्वासाचा त्रासही याच मिनिटांतला, पण त्याबद्दल गैरसमज फार. थंड हवेने फुप्फुसं गोठत नाहीत. नाक आणि श्वासनलिका हवा आत पोहोचेपर्यंत तापवून टाकतात. खरी अडचण कोरडेपणाची आहे. शून्य अंशांची हवा काठोकाठ ओली असली तरी घनमीटरमागे पाच ग्रॅमपेक्षाही कमी बाष्प धरते. फुप्फुसात ३७ अंशांना पोहोचेपर्यंत त्याच हवेला ४४ ग्रॅम लागतं. फरक भरून कोण काढतं? श्वासमार्गाचं अस्तर. जोरात धावताना मिनिटाला ६०-७० लिटर हवा आत-बाहेर होते, म्हणजे अर्ध्या तासात दोन घनमीटर. अस्तर सुकतं, त्यातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं आणि काहींच्या श्वासनलिका आवळतात. घसा खवखवतो, खोकला येतो, दमेकऱ्यांना धाप लागते. नाका-तोंडावर पातळ कापड गुंडाळलं तर बाहेर जाणाऱ्या श्वासातली ओल त्यात अडकते आणि पुढच्या श्वासाबरोबर परत येते. दम्याची औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बेत करावा, कापडाच्या भरवशावर राहू नये.

आता मनाकडे वळू. २०११ साली मॅथ्यू रूबी, एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना व्यायामाआधी विचारलं, तुम्हाला यात किती मजा येईल? आणि नंतर विचारलं, किती आली? जवळपास सगळ्यांचाच अंदाज कमी निघाला. हलका व्यायाम असो वा घाम काढणारा, प्रत्यक्षात मजा अपेक्षेपेक्षा जास्त आली. कारण शोधताना त्यांच्या लक्षात आलं, की अंदाज बांधताना लोक व्यायामाच्या सुरुवातीलाच अवाजवी वजन देतात, आणि सुरुवात तर बहुधा नकोशीच असते. पुढच्या अर्ध्या तासाचा विचार त्या हिशेबात येतच नाही.

हिवाळ्यात सुरुवात आणखी वाईट होते, त्यामुळे अंदाजही आणखी घसरतो. ज्याला आपण ‘इच्छाशक्ती कमी पडली’ म्हणतो, तो बऱ्याचदा चुकीचा अंदाज असतो. मला हे निदान सोयीचं वाटतं, कारण इच्छाशक्ती कशी वाढवायची ते कुणालाच धड सांगता येत नाही. पहिली दहा मिनिटं सुसह्य करणं मात्र हातातलं काम आहे.

त्यासाठी बाहेर पडायच्या आधी घरातच पाच-सात मिनिटं अंग हलवायचं. जागच्या जागी गुडघे उचलणं, उठाबशा, जिन्याच्या दोन-चार फेऱ्या. घाम फुटू द्यायचा नाही, फक्त स्नायू तापवायचे. हातमोजे आणि कानटोपी घरातच चढवायची, बोटं गार झाल्यावर नाही. एकदा रक्तवाहिन्या आवळल्या की मोज्यात ऊब आणणारं काही उरत नाही. अंगावरचे कपडे मात्र बेताचेच. दाराशी उभं असताना थोडं गार वाटत असेल तर कपडे बरोबर आहेत. तिथेच उबदार वाटलं, तर पंधराव्या मिनिटाला ६०० वॅटची ती भट्टी तुम्हाला भिजवून काढणार. वारा असेल तर जाताना वाऱ्याला तोंड द्यायचं आणि येताना तो पाठीशी घ्यायचा, म्हणजे घामेजल्या अंगावर वारा बसत नाही.

आणि स्वतःशी एक करार: दहा मिनिटं धावायचं, नको वाटलं तर परत फिरायचं. हा करार खोटा असू नये. खरंच परत यायची मुभा हवी, नाहीतर मन दुसऱ्यांदा फसत नाही. पण एकदा का त्वचेतले तंतू गप्प झाले आणि पाय तापले, की परत फिरण्याचं कारणच बहुतेक वेळा उरलेलं नसतं.

प्रेरणा देणारी भाषणं किती कामाची, याचंही मोजमाप झालं आहे. इंग्लंडमधल्या २४८ जणांवर २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात निदान एकदा व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो हे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिथला आकडा ३५. तिसऱ्या गटाने तोच मजकूर वाचला, पण शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून दिलं. त्यातले ९१ टक्के हलले. प्रयोग छोट्या मुदतीचा होता आणि प्रत्येक अभ्यासात इतका मोठा फरक दिसत नाही, हे खरं. तरी भिंतीवर सुविचार चिकटवण्यापेक्षा ‘मंगळवारी साडेसहाला, तळ्याच्या बाजूने’ असं लिहून ठेवणं केव्हाही शहाणपणाचं.

साडेसहा सकाळचे की संध्याकाळचे? इथे मला जरा भांडायचं आहे. धावायचं तर पहाटेच, हा हट्ट हिवाळ्यात अनेकांना नडतो, आणि दोष मात्र थंडीला जातो. शरीराचं आतलं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी सर्वांत खाली असतं. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर जुळतं, आणि अंधारात मेलाटोनिनचं, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणाऱ्या संप्रेरकाचं, काम लांबू शकतं. सूर्य उशिरा उगवत असताना गजर मात्र उन्हाळ्याचाच ठेवला, तर आपण त्या घड्याळाच्या मध्यरात्री पाय जमिनीवर टेकवतो. त्यातच निरभ्र, वारा नसलेल्या हिवाळी रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि धूर-धूळ खालीच कोंडून राहते. ऊन चढल्यावर ती पांगते. जिथे हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न आहे तिथे पहाटेची ‘शुद्ध हवा’ ही अनेकदा दिवसातली सर्वांत घाण हवा असते.

शक्य असेल तर उजेडात धावा. सुट्टीच्या दिवशी दुपारी, एरवी ऊन उतरायच्या आत. लक्स हे उजेड मोजायचं एकक. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दिवशीही बाहेर हजारांत, आणि लख्ख उन्हात एक लाखापर्यंत. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथाल यांनी १९८४ साली केलं, तेव्हापासून त्यावर तेजस्वी प्रकाशाचा उपचार वापरात आहे. सकाळी अर्धा तास १०,००० लक्स, हे त्याचं रूढ प्रमाण. ज्यांची मरगळ सगळा हिवाळाभर हटत नाही त्यांनी डॉक्टरांकडे जावं. बाकीच्यांना उजेडातल्या धावण्याबरोबर हा प्रकाश फुकट मिळतो.

काही दिवस चुकणारच. त्याचा फार बाऊ करू नये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१०च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत लक्षणीय फरक पडला नाही. आठवडेच्या आठवडे थांबणं मात्र महाग पडतं. १९८४च्या एका अभ्यासात, चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवल्यावर ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्के आणि आठ आठवड्यांत १६ टक्के घसरली. याउलट रॉबर्ट हिक्सन यांनी आठवड्याला सहा दिवस सराव करणाऱ्यांचे दिवस दोनवर आणले, जोर मात्र तोच ठेवला, आणि पंधरा आठवड्यांनंतरही ती क्षमता टिकून होती. दिवस तेवढेच ठेवून ४० मिनिटांची १३ मिनिटं केली तरी टिकली. लांब पल्ल्याचा दम मात्र थोडा उतरला. जोर कमी केला तेव्हा क्षमता घसरली. कडाक्याच्या आठवड्यात दोनच वेळा, पण बऱ्यापैकी वेगाने धावलं तरी पुरतं, असा याचा अर्थ.

ताप असेल, रस्त्यावर बर्फाची निसरडी साय धरली असेल, तर घरीच थांबावं. थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गारठ्यात एकदम वेग घेऊ नये. आणि धावून झाल्यावर दाराशी गप्पा मारत उभं राहू नये. पाय थांबले की उष्णतेचं उत्पादन काही मिनिटांत खाली येतं, पण ओले कपडे आणि उघडलेल्या रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकतच राहतात. हुडहुडी भरते ती तेव्हा. आधी कोरडे कपडे, मग पाणी. थंडीत तहान कमी लागते, तरी श्वासावाटे आणि घामावाटे पाणी गेलेलं असतंच.