पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात देऊ नका

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीतले एक काका गेल्या महिन्यात एमएच-०४ ची उत्तम चालणारी पेट्रोल गाडी मातीमोल भावात द्यायला निघाले होते. का, तर 'पंधरा वर्षांनंतर गाडी रस्त्यावर आणता येत नाही.' हा समज ठाण्यात, वाशीत वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी लोकांचं खरंच नुकसान होतंय.

ही बंदी दिल्ली आणि परिसरातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी कायम केली. शिवाय सरकारी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर वाढवायची नाही, असा नियम एप्रिल २०२३ पासून आला. आपल्याकडे या दोन्हींची खिचडी झाली.

महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण आरटीओच्या तपासणीत गाडी उतरली की पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. फॉर्म २५, चालू विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर भरल्याची पावती लागते. चेसिस नंबरची पेन्सिलने घासून घेतलेली छापही मागतात. काकांची पहिली छाप गंजामुळे पुसट आली, पत्रा साफ करून पुन्हा घ्यावी लागली. अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो.

'विमा चालू आहे ना, मग नोंदणीचं बघू नंतर' असं मात्र अजिबात करू नका. नोंदणी संपलेली असताना गाडी चोरीला गेली, तर हप्ते भरलेले असूनही कंपनी दावा नाकारू शकते.